लोणारच्या काठावरून

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला सहल नेली, की काठावरून सरोवर पाहताना एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "हा विझलेला ज्वालामुखी का?" प्रश्न रास्त आहे. येथला खडक बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हाच. अनेक भूवैज्ञानिकांनाही दीर्घकाळ तसेच वाटत होते.

आपण प्रथम पायाखाली पाहू. दख्खनचे लाव्हाथर एरवी जवळजवळ आडवे असतात. येथे काठ उंचावलेला आहे आणि त्यातले थर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. जमीन उचलली गेली हे कळले, पण कशाने?

निर्णायक पुरावा १९७३ साली जाहीर झाला. तळाशी छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत मॅस्केलिनाइट सापडले. फेल्डस्पार खनिजाला प्रचंड आघात बसला, की ही काच बनते. तेवढा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. म्हणजे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्काघाताचेच.

वयाचा प्रश्न मात्र रेंगाळला. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मापनाने सुमारे ५.७ लाख!

म्हणून काठावर उत्तर आधी सांगू नये. थर कोणीकडे कलले आहेत, ते मुलांना वहीत काढू द्यावे. तेथूनच विज्ञान सुरू होते.