शिकागोच्या नदीकाठचे कामगार युनियनचे मनोरे

अमेरिकेतील शिकागो शहराच्या उंच इमारती रस्त्यावरून पाहू नयेत. मान दुखते आणि दिसते ती एकच भिंत. शिकागो नदी भर शहरातून वाहते. तिकीट काढून बोटीत बसले की दोन्ही काठ हळूहळू पुढे सरकतात आणि माहितगार माणूस एकेका इमारतीची कुळकथा सांगत जातो.

१८७१ च्या आगीत या शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. पुढे लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर १८८५ साली दहा मजली होम इन्शुरन्स इमारत उभी राहिली. ती १९३१ मध्ये पाडली. पण तिचे वंशज नदीकाठी दाटीने उभे आहेत. मिशिगन अॅव्हेन्यूच्या पुलापाशी च्युइंगम कंपनीने बांधलेली पांढरीशुभ्र रिगली इमारत आहे. तिच्या समोर १९२५ चा ट्रिब्यून टॉवर, जुन्या चर्चसारखा कमानी-टेकूंचा. या पुलाला २०१० साली द्यू साब्ल या कृष्णवर्णीय व्यापाऱ्याचे नाव दिले गेले. बाहेरून येऊन येथे कायमचे घर करणारा पहिला माणूस तोच. अठराव्या शतकात वसलेल्या त्या माणसाचे नाव पुलावर यायला दोनशेहून अधिक वर्षे लागली!

पुढे मरीना सिटीचे दोन गोल मनोरे येतात. हुबेहूब मक्याची कणसे! प्रत्येकी पासष्ट मजले. खालच्या मजल्यांवर मोटारी, वर अर्धगोल गॅलऱ्यांची घरे, तळाशी बोटींचा धक्का. वास्तुकार बर्ट्रांड गोल्डबर्ग. पण हे बांधवून घेतले ते कुणा शेठजीने नव्हे, तर इमारतींची झाडलोट आणि राखण करणाऱ्या कामगारांच्या युनियनने! आपल्याकडे युनियन म्हटले की मोर्चा आणि वर्गणी आठवते. १९५० नंतर तेथील ऐपतदार लोक उपनगरांत निघून जात होते. मध्यवस्ती ओस पडली तर झाडूवाल्याला काम कोठून मिळणार? म्हणून युनियनचे अध्यक्ष विल्यम मॅकफेट्रिज यांनी माणसे शहरातच राहावीत यासाठी घरे बांधण्याचे ठरवले. घरे मध्यमवर्गीय भाडेकरूंसाठी होती, झाडणाऱ्याला तेथे खोली मिळावी म्हणून नव्हे, हेही सांगितले पाहिजे. हेतू रोजगार टिकवण्याचा होता. तरीही श्रमिकांच्या संघटनेने शहराच्या ऐन मध्यभागी एवढे मोठे काम उभे करावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

बोट दक्षिणेकडच्या फाट्यात वळली की काळा विलिस टॉवर दिसतो. एकशे दहा मजल्यांची ही इमारत पूर्वी सीअर्स टॉवर म्हणून ओळखली जाई आणि १९९८ पर्यंत ती जगात सर्वांत उंच होती. तिचा सांगाडा ढाक्यात जन्मलेल्या फजलूर रहमान खान या इंजिनिअरने आखला. नऊ चौकोनी नळ्यांची जणू मोळी बांधली. त्यातील काही पन्नासाव्या, काही सहासष्टाव्या, काही नव्वदाव्या मजल्यावर थांबतात आणि फक्त दोन माथ्यापर्यंत जातात. त्यामुळे वाऱ्याचा मारा नवांनी मिळून पेलायचा, आणि पोलादही कमी लागते.