ध्रुववृत्ताच्या देशात केव्हा जावे?

भारतीय माणसाच्या मनातील ऋतूची कल्पना ऊन आणि पाऊस यांच्याशी निगडित आहे. प्रवासाचा बेत आखताना तो साहजिकच दोन प्रश्न विचारतो : तेथे पाऊस केव्हा असतो, आणि थंडी किती पडते? महाबळेश्वरला, उटीला किंवा काश्मीरला जावयाचे असेल तर एवढे दोन प्रश्न पुरेसे होत. परंतु नॉर्वेसारख्या अतिउत्तरेकडील देशाला जाणाऱ्याने त्यांच्या आधी एक तिसरा प्रश्न विचारावयास हवा : त्या महिन्यात तेथे उजेड किती असतो? हा प्रवास खर्चिक आहे. पुष्कळ कुटुंबांच्या बाबतीत तो निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशातून, आयुष्यात एकदाच घडतो. महिन्याची निवड चुकली तर जे पाहावयास गेलो ते न पाहताच परतण्याची वेळ येते.

हा प्रश्न आपल्याला सुचत नाही, याचे कारण आपल्या भूगोलात आहे. म्हैसूर शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १२ अंशांवर आहे. तेथील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत अवघ्या दीड तासाचे अंतर असते. मंडी मोहल्ल्यातील दुकानदाराला उन्हाळा-हिवाळ्यानुसार दुकान उघडण्याची वेळ बदलावी लागत नाही, की घरातील गृहिणीला दिवेलागणीच्या वेळेचा विचार करावा लागत नाही. नॉर्वेची राजधानी ऑस्लो ही सुमारे ६० अंशांवर आहे. तेथे जूनमधील मोठा दिवस जवळजवळ १९ तासांचा असतो, तर डिसेंबरमधील लहान दिवस जेमतेम ६ तासांचा. त्याच देशातील ट्रॉम्सो हे गाव साडेएकोणसत्तर अंशांच्या किंचित वर, म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे वसले आहे. तेथे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो उगवत नाही.

याचे कारण सर्वपरिचित आहे. पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे वर्षाचा काही काळ उत्तर ध्रुवाकडील प्रदेश सूर्याकडे झुकलेला असतो आणि काही काळ सूर्यापासून दूर गेलेला असतो. विषुववृत्ताजवळ या कलण्याचा परिणाम फारसा जाणवत नाही. जसजसे उत्तरेकडे जावे तसतसा तो वाढत जातो. मराठी वाचकाला या आकाशाची ओळख फार पूर्वी एका थोर पुरुषाने करून दिली आहे. लोकमान्य टिळकांचा 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज्' हा इंग्रजी ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. आर्यांचे मूळ वसतिस्थान ध्रुवप्रदेशात होते हा त्यांचा सिद्धान्त आज विद्वान मान्य करीत नाहीत. तथापि ध्रुवाजवळचा दिवस, तेथील रात्र आणि दीर्घकाळ रेंगाळणारी उषा यांचे त्यांनी केलेले विवेचन खगोलशास्त्राला धरून आहे. टिळकांनी तो प्रदेश प्रत्यक्ष पाहिला नव्हता. केवळ गणित आणि वाचन यांच्या बळावर त्यांनी त्याचे स्वरूप मांडले.

आता प्रवाशाच्या दृष्टीने मुख्य मुद्द्याकडे वळू. दूरच्या उत्तरेची दोन आकर्षणे जगप्रसिद्ध आहेत : मध्यरात्रीचा सूर्य आणि ध्रुवप्रकाश. जाहिरातींच्या पत्रकात ही दोन्ही चित्रे बहुधा शेजारी शेजारी छापलेली असतात. वस्तुतः ती एकाच प्रवासात पाहावयास मिळणे अशक्य आहे. ध्रुवप्रकाश म्हणजे सूर्याकडून येणारे विद्युत्भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या प्रभावाने वातावरणाच्या वरच्या थरांत, शंभर किलोमीटर आणि त्याहून अधिक उंचीवर, ऑक्सिजन व नायट्रोजनच्या कणांवर आदळल्यामुळे उमटणारा प्रकाश. तो उन्हाळ्यातही निर्माण होतच असतो. परंतु उजळ आकाशात तो दिसत नाही, दिवसा तारे दिसत नाहीत त्याप्रमाणेच. ट्रॉम्सोच्या परिसरात सप्टेंबरपासून एप्रिलच्या आरंभापर्यंतच रात्री त्याला पुरेशा काळोख्या असतात. म्हणून प्रथम निर्णय घ्यावयाचा तो हा, की आपण उजेड पाहावयास जाणार आहोत की काळोख.

हा निर्णय झाल्यावर आपल्या सुट्ट्यांकडे पाहावे. कर्नाटकातील शाळांची उन्हाळी सुट्टी साधारणतः एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेच्या अखेरीपर्यंत असते. आपल्याकडे हा ऐन उन्हाळा, म्हणून थंड देशात जाण्यास हाच काळ योग्य, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात अतिउत्तरेसाठी हा सर्वांत गैरसोयीचा काळ होय. रात्रीचा काळोख संपलेला असल्यामुळे ध्रुवप्रकाश दिसत नाही आणि मध्यरात्रीचा सूर्य अजून सुरू झालेला नसतो. बर्फ मात्र भरपूर असते. ट्रॉम्सो येथे जमिनीवर साचलेल्या बर्फाची आजवरची सर्वाधिक जाडी, २४० सेंटिमीटर, नोंदली गेली ती २९ एप्रिल १९९७ रोजी. डोंगरातील ट्रोलस्टिगनसारखे प्रसिद्ध घाटरस्ते हिवाळाभर बंद असतात आणि ते बहुधा मे महिना सरत आल्यावरच उघडतात.

तथापि याच सुट्टीचा शेवटचा पंधरवडा वाया जाऊ देण्याचे कारण नाही. त्यासाठी ध्रुववृत्ताचा आग्रह सोडून दक्षिण नॉर्वेत जावे. मेच्या उत्तरार्धात हार्डांगर फियोर्डच्या काठावरील फळबागा फुलतात. वितळणाऱ्या बर्फामुळे धबधबे भरून वाहतात. १७ मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय दिन. १८१४ च्या राज्यघटनेच्या स्मरणार्थ त्या दिवशी गावोगावी शाळकरी मुलांच्या मिरवणुका निघतात. बर्गेन हे शहर पावसासाठी प्रसिद्ध आहे. तेथे वर्षाकाठी मुंबईइतका पाऊस पडतो. मात्र मुंबईचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि बर्गेनचा वर्षभर चालतो. त्यातल्या त्यात मे महिना तेथे कोरडा असतो.

महाराष्ट्रातील शाळांना सामान्यतः जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. त्यामुळे पुण्याच्या कुटुंबाला जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मध्यरात्रीचा सूर्य पाहून परतता येते. म्हैसूरच्या कुटुंबाला मात्र मेच्या शेवटच्या आठवड्यात धावती भेट द्यावी लागते. जुलै महिना उबदार असला तरी त्याच वेळी नॉर्वेतील लोकही सुट्टीवर निघतात. निवासाचे दर चढतात, आणि उत्तरेकडील पाणथळ प्रदेशात डासांचा उपद्रव होतो. उजेडाचाही त्रास संभवतो. रात्री बाराला खिडकीतून ऊन येत असेल तर लहान मुले झोपत नाहीत. म्हणून राहण्याच्या जागी जाड पडदे आहेत की नाहीत याची आधी चौकशी करावी. चंद्राचेही वेळापत्रक तेथे निराळे असते. जूनमधील, म्हणजे आपल्या वटपौर्णिमेच्या सुमाराचा, पूर्णचंद्र ट्रॉम्सोच्या क्षितिजाजवळच रेंगाळतो किंवा मुळी उगवतच नाही. चंद्रोदय पाहून संकष्टी सोडणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींना ही गोष्ट निघण्यापूर्वी सांगितलेली बरी.

हिवाळ्याविषयी दोन गैरसमज आहेत. पहिला असा, की तेथे सदैव गडद अंधार असतो. ट्रॉम्सोत डिसेंबरमध्ये सूर्य उगवत नसला तरी दुपारच्या सुमारास काही तास निळसर संधिप्रकाश असतो. दुसरा गैरसमज असह्य थंडीचा. अटलांटिकमधील उष्ण प्रवाहामुळे नॉर्वेचा किनारा त्याच्या अक्षांशाच्या मानाने पुष्कळ उबदार राहतो. ट्रॉम्सोचे जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली तीन-चार अंश एवढेच असते. किनारा सोडून आत गेल्यास मात्र चित्र पालटते : कारासयोक येथे १ जानेवारी १८८६ रोजी शून्याखाली ५१.४ अंश तापमानाची नोंद झाली होती. वृद्धांना खरा धोका थंडीपेक्षा घसरण्याचा असतो. पाय घसरून मोडलेले हाड हे परक्या देशात फार मोठे संकट होय. बुटांना लावावयाचे खिळ्यांचे पट्टे तेथे सहज मिळतात. ज्येष्ठ मंडळींनी ते लावल्यावाचून बाहेर पडू नये.

राहिली आपली शरदातील सुट्टी. म्हैसूरकरांच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची आहे. नवरात्र सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत केव्हातरी सुरू होते. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र समान असतात. त्या दिवशी मंडी मोहल्ल्यात जितका वेळ उजेड असतो जवळजवळ तितकाच तो ट्रॉम्सोतही असतो. पुढे तेथील दिवस रोज आठ-नऊ मिनिटांनी आखडत जातो. म्हणजे दसऱ्याच्या सुमारास फिरण्यास पुरेसा दिवस आणि आकाश पाहण्यास पुरेशी रात्र, असा दुर्मिळ मेळ जमतो. शिवाय चुंबकीय वादळे विषुवदिनांच्या आसपास अधिक संख्येने होतात असे दीर्घकाळच्या निरीक्षणांतून दिसून आले आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सूर्याकडून येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राशी त्या काळात अनुकूल कोनात येते, असे त्याचे स्पष्टीकरण रसेल व मॅकफेरॉन या शास्त्रज्ञांनी १९७३ साली दिले. येथे आपले पंचांगही उपयोगी पडते. नवरात्राचा आरंभ अमावास्येनंतर लगेच होत असल्याने पहिल्या चार-पाच रात्री काळोख्या असतात. कोजागरीकडे जसजसे जावे तसतसा मंद ध्रुवप्रकाश चांदण्यात हरवू लागतो.

सूर्याच्या सक्रियतेचा चढउतार सुमारे ११ वर्षांचा असतो आणि त्याचा अलीकडील उच्चांक २०२४ साली आला. त्या वर्षीच्या मे महिन्यातील वादळात लडाखमधील हानले येथूनही उत्तर क्षितिजावर तांबूस प्रकाश दिसला होता. पुढील काही वर्षे हा जोर ओसरत जाईल. ट्रॉम्सो मात्र ध्रुवप्रकाशाच्या कड्याखालीच असल्यामुळे शांत वर्षांतही तेथे तो दिसतो. अडथळा असतो तो ढगांचा. ऑक्टोबरमध्ये किनाऱ्यावर आभाळ वारंवार भरून येते. म्हणून एकाच रात्रीवर विसंबू नये. किमान चार-पाच रात्री हाताशी ठेवाव्यात आणि डोंगरांपलीकडील कोरड्या प्रदेशात, उदाहरणार्थ स्वीडनमधील आबिस्को येथे, जाण्याची तयारी ठेवावी. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना काळोखी रात्र मिळते, पण ऑक्टोबरच्या अखेरीस दिवस सात-आठ तासांवर आलेला असतो.

आपण वर्षाचे सहा ऋतू मानतो. उत्तर स्कँडिनेव्हियातील सामी लोक, ज्यांचे जीवन रेनडिअरच्या कळपांशी बांधलेले आहे, आठ मानतात. त्या प्रदेशात काही आठवड्यांतच सारे कसे पालटते, हे त्यांच्या या गणनेतून कळते. तेव्हा तिकिटांचे दर पाहण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून आपल्याला काय पाहावयाचे आहे ते ठरवावे. फुललेल्या बागा व धबधबे हवे असतील तर मेची अखेर. मध्यरात्रीचा सूर्य हवा असेल तर जून. ध्रुवप्रकाश हवा असेल आणि सोबत मुले व वृद्ध असतील तर नवरात्राचे पहिले दिवस. बर्फाची आवड असलेल्या धडधाकट प्रवाशांनी मार्चचा विचार करावा. तेव्हाही विषुवदिन जवळ असतो, बर्फ असते आणि दिवसही मोठा झालेला असतो. म्हैसूरचा दसरा सोडून जाणे अनेकांच्या जिवावर येईल हे खरे. पण तो दरवर्षी येतो, आणि एखाद्या वर्षी त्याला मुकल्यास पुढल्या वर्षी तो पाहता येतो.