मुलाबाळांसह पोहरादेवीच्या यात्रेस

चैत्र शुद्ध नवमी जवळ आली की वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्याकडे जाणारे रस्ते माणसांनी फुलून जातात. हरभऱ्याचे खळे उरकलेले असते, गहू घरात येऊन पडलेला असतो आणि खरिपाच्या मशागतीस अद्याप थोडा अवकाश असतो. वर्षभर राबलेल्या शेतकरी कुटुंबास हीच काय ती चार दिवसांची उसंत. अशा वेळी पोहरादेवीची रामनवमीची यात्रा भरते. तेथे जगदंबा देवीचे मंदिर व संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. बंजारा समाज या स्थानाला आपली काशी मानतो. तांड्यातांड्यांतून, तसेच कर्नाटक, तेलंगण, आंध्र या राज्यांतूनही भाविक येथे येतात.

यात्रा ही मुलांची मोठी शाळाच होय. रेल्वे येण्यापूर्वी आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून दूरदूरच्या मुलखात कसे जात, हे आजीने नातवंडांना सांगावे ते याच ठिकाणी. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्यामुळे आजीने सांगितलेल्या कितीतरी गोष्टी मुलांना प्रत्यक्ष पाहता येतात. परंतु आनंदाचा हा दिवस सुखरूप पार पडावयाचा असेल, तर त्याची तयारी आदल्या दिवसापासूनच करावयास हवी.

पहिला विचार प्रवासाचा. पुष्कळ कुटुंबे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून यात्रेस निघतात. ट्रॉली ही मालासाठी असते, माणसांसाठी नव्हे. वळणावर ती उलटली, तर कडेला बसलेली मुले प्रथम फेकली जातात. सबब एस.टी.ने जाणे केव्हाही चांगले.

दुसरा विचार उन्हाचा. चैत्रात विदर्भातील दुपार ४० अंशांवर जाऊ शकते. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते आणि पाळण्यात, फुग्यात रमलेले मूल आपण होऊन पाणी मागत नाही. म्हणून पहाटे निघून सकाळीच दर्शन उरकावे, भर दुपार सावलीत काढावी आणि खेळणी, पिपाण्या व आकाशपाळणा यांसाठी सायंकाळ राखून ठेवावी. पाणी घरचेच न्यावे व ते मुलांना वरचेवर पाजावे. शिदोरीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी व गूळ-फुटाणे असावेत, ते उन्हाने विटत नाहीत. कोणत्या पाण्याचा आहे हे ठाऊक नसलेला बर्फ व उघड्यावरची कापलेली फळे मुलांस देऊ नयेत. सहा महिन्यांच्या आतील बाळास पाणी न देता आईने वरचेवर अंगावर पाजावे.

मूल मलूल झाले, तोंड कोरडे पडले, लघवी कमी झाली किंवा रडताना डोळ्यांत पाणी येईनासे झाले, तर शरीरातील पाणी घटले आहे असे समजावे. क्षारसंजीवनीचे एक पाकीट १ लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून ते घोटघोट पाजावे. पाकीट नसल्यास १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मिठाचे प्रमाण वाढवू नये. अंग भाजल्यासारखे तापून मूल बरळू लागले, त्यास झटके आले किंवा ते बेशुद्ध झाले, तर तो उष्माघात होय. त्यास तत्काळ सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

तिसरा विचार गर्दीचा. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या, चेंगराचेंगरी झाली आणि तीनशेच्या जवळपास माणसे मृत्युमुखी पडली. हा धडा विसरता येण्यासारखा नाही. लहान मूल कडेवर घ्यावे आणि अरुंद वाटेवर गर्दी दाटू लागताच मागे फिरावे. दर्शन तासाभराने झाले म्हणून काही बिघडत नाही.

चुकामूक होऊ नये म्हणून मुलाच्या खिशात वडिलांचे नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. निघताना त्याच कपड्यांत मुलाचे छायाचित्र मोबाईलवर घेऊन ठेवावे. हात सुटला तर इकडेतिकडे न धावता आहे तेथेच उभे राहावे आणि पोलिसास हाक मारावी, हे मुलास घरीच शिकवावे. घरच्या मंडळींनी एकत्र येण्याची एक खूण-जागा ठरवून घ्यावी. मूल सापडत नसल्यास वेळ न दवडता पोलीस मदत केंद्र गाठावे किंवा ११२ अथवा बालकांसाठी असलेल्या १०९८ क्रमांकावर कळवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रामनवमीच्या आठवडाभर आधी तांड्यावर माताभगिनींची बैठक घ्यावी. आशा व अंगणवाडी सेविकांनी तेथे क्षारसंजीवनी करून दाखवावी, पाकिटे वाटावीत आणि चिठ्ठ्या मुलांकडूनच लिहून घ्याव्यात. या कामास पैसा फारसा लागत नाही, थोडी आधीची जाग लागते. सायंकाळी पिपाणी वाजवीत मूल आईच्या मांडीवर सुखरूप घरी परतले, म्हणजे त्या कुटुंबाची यात्रा खऱ्या अर्थाने पावली.