पोटातील जंत, मनातील शंका

पावसाळा लागला की मराठवाड्यातील कोणत्याही डॉक्टरला ओळखीचा असा एक रुग्ण दवाखान्यात येतो. त्याच्या खिशात काडेपेटी असते, आणि तिच्यात शौचावाटे पडलेले काहीतरी पांढुरके, धाग्यासारखे, कागदात जपून गुंडाळून आणलेले असते. जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत या सवयीला काडेपेटीवरूनच नाव पडलेले आहे. शरीरात किडे असल्याची पक्की समजूत झालेला माणूस पुरावा म्हणून जे घेऊन येतो, ते बहुधा कापसाचा तंतू, भाजीची शीर किंवा आतड्यातील चिकट स्राव निघते. मात्र कधीकधी त्या काडेपेटीत खरोखरच जंत असतो. बीड, गेवराई, माजलगाव, आष्टी, कडा या बाजारपेठांतील घरांना हा प्रश्न परका नाही; आणि शंका खरी की खोटी हे ठरण्याआधीच घरात औषध सुरू झालेले असते.

औषध सुरू होण्यामागे पिढ्यान् पिढ्यांचे निदानशास्त्र आहे. मूल झोपेत दात खाते, म्हणजे जंत. गालावर पांढरट चट्टा उठला, म्हणजे जंत. गूळ फार खाल्ला, म्हणजे जंत होणार. यांतील पहिल्या दोन खुणांचा जंतांशी निश्चित संबंध दाखवता आलेला नाही. गालावरचा चट्टा बहुतेक वेळा कोरड्या त्वचेचा साधा विकार असतो. गुळाने तर जंत होतच नाहीत. जंत होतात ते अंड्यांमुळे, आणि अंडी येतात ती उघड्यावर पडलेल्या मानवी विष्ठेतून माती, पाणी, भाजी आणि नखे या वाटेने. मोठा गोलकृमी असाच तोंडावाटे येतो; त्याची मादी वीतभर, क्वचित हातभरही लांब होते. अंकुशकृमीची वाट निराळी. त्याची अळी ओल्या मातीत वाट पाहत असते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. रक्ताच्या ओघाने फुप्फुसात, तेथून घशात आणि घशातून गिळली जाऊन आतड्यात असा तिचा प्रवास होतो. त्याच्या एका जातीचा एकेक कृमी दिवसाला सुमारे ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त वाया घालवतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण पोटात शंभर कृमी असतील आणि ताटात आधीच लोह कमी असेल, तर पांढुरक्या ओठांचे, जिना चढताना धापा टाकणारे शरीर तयार होण्यास तेवढे पुरेसे होते.

घरगुती औषधांत पहिला मान वावडिंगाचा. आयुर्वेदाने त्याला कृमिनाशकांत श्रेष्ठ म्हटले आहे, आणि बाळगुटीपासून काढ्यापर्यंत ते सर्वत्र दिसते. त्याच्या जोडीला पळसाच्या बिया, कपिला, किरमाणी ओवा, कडुनिंब, भोपळ्याच्या बिया आणि शेवटी एरंडेल. चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात वीस प्रकारचे कृमी सांगून उपचाराची तीन अंगे दिली आहेत : कृमी बाहेर काढणे, ते ज्या स्थितीत वाढतात ती स्थिती मोडणे आणि मूळ कारण टाळणे. ही मांडणी आजही जुनी वाटत नाही. गफलत होते ती पुढे. आजीच्या हातची चिमूट आणि दुकानातील ‘पोट साफ’ चूर्णाचा डबा यांत मात्रेचे, शुद्धतेचे आणि मुदतीचे अंतर असते. वावडिंगातील मुख्य द्रव्याचा प्रजननशक्तीवर परिणाम होतो असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. भारतात गर्भनिरोधक म्हणून अभ्यासल्या गेलेल्या पिप्पल्यादि योगात वावडिंग होते. तेव्हा नवविवाहित सुनेला ‘पोट बिघडते’ म्हणून महिनोन्महिने वावडिंगाचा काढा देणाऱ्या घराने एकदा वैद्यांना विचारलेले बरे.

पपईच्या बियांचे उदाहरण मोठे उद्बोधक आहे. नायजेरियात साठ मुलांवर केलेला एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तीस मुलांना वाळलेल्या पपईच्या बिया मधात कालवून दिल्या, तीस मुलांना नुसता मध. पहिल्या गटातील तेवीस मुलांची शौचतपासणी स्वच्छ आली, दुसऱ्या गटातील पाचांची. फिरत्या संदेशांतून ही माहिती ‘पपईच्या बियांनी सर्व जंत नष्ट’ अशा रूपात जैन घरांतही पोहोचली. त्यात मध आहे हे पाहून कोणी थबकले, कोणी मधाऐवजी गूळ घातला. प्रयोग लहान होता, आशादायक होता आणि नंतर मोठ्या प्रमाणावर तपासला जायला हवा होता, एवढेच त्यावरून म्हणता येते. एरंडेलाबद्दल तर तेवढेही म्हणता येत नाही. ते आतडे रिकामे करते. भिंतीला दात रोवून बसलेल्या कृमीला त्याचे फारसे काही वाटत नाही. परदेशांतून आलेल्या कॉफीच्या बस्तीने वा तत्सम ‘शुद्धी’ने बाहेर पडणारे लांब दोर म्हणजेच जंत, असे सांगणारी छायाचित्रे अलीकडे हातोहात फिरतात. ते दोर आतड्याचा स्राव आणि खरवडलेले अस्तर असतात. म्हणजे उपचारच पुरावा निर्माण करतो, आणि पुरावा पाहून उपचार वाढतो.

जैन घरांत या सर्वांच्या मुळाशी आणखी एक संकोच असतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कृमी हा द्वींद्रिय जीव. स्पर्श आणि रस ही दोन इंद्रिये असलेल्या जीवांचे उदाहरण देताना तत्त्वार्थसूत्राने प्रथम त्याचेच नाव घेतले आहे. मग जंताची गोळी घेणे म्हणजे जाणूनबुजून हिंसा नव्हे काय? चातुर्मासात हा प्रश्न विशेष तीव्रतेने विचारला जातो, आणि पुष्कळदा त्याचे उत्तर म्हणून गोळी बाजूला ठेवून ‘सौम्य’ काढा निवडला जातो. पण हा मार्ग विचाराच्या कसोटीवर उतरत नाही. अल्बेंडाझोल कृमीच्या पेशींची घडण बिघडवते, त्याला साखर शोषता येत नाही आणि तो मरतो. वावडिंग खरोखर लागू पडत असेल, तर त्यानेही कृमी मरतो किंवा शरीराबाहेर टाकला जाऊन मरतो. लागू पडत नसेल, तर ते घेण्याचे प्रयोजन काय? दोहोंत अहिंसेच्या दृष्टीने फरक नाही. फरक आहे तो खात्रीचा आणि वेळेचा. श्रावकाच्या आचारात संकल्पी हिंसा आणि जीवनव्यवहारात अटळ ठरणारी हिंसा यांत भेद केलेला आहे. शंका असणाऱ्याने आपल्या गुरूंना विचारावे, पण रोगी मुलाला त्या शंकेच्या उंबरठ्यावर महिनाभर बसवून ठेवू नये.

खरे तर चरकाचे तिसरे अंग, मूळ कारण टाळणे, हेच अहिंसेला सर्वांत जवळचे. अंडे पोटात गेलेच नाही, तर मारावे लागणारा जीव निर्माणच होत नाही. येथे जैन स्वयंपाकघराकडे एक जुने साधन आहे : पाणी गाळण्याचे कापड. त्याचे महत्त्व मराठवाड्याने एका वेगळ्या कृमीच्या निमित्ताने अनुभवले आहे. नारू आतड्यातला नव्हे, पण तोही पोटाच्या वाटेनेच येई. पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून पाणी भरणाऱ्या रुग्णाच्या जखमेतून नारूच्या अळ्या पाण्यात उतरत, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जलपिसूच्या पोटात वाढत आणि न गाळलेल्या पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटात जात. वर्षभराने दोन-अडीच फूट लांबीचा पांढरा दोरा पायातून बाहेर येई आणि तो काडीला गुंडाळत दररोज बोटभर ओढावा लागे. भारतात १९८३-८४ मध्ये निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून सुमारे चाळीस हजार रुग्ण होते. ना लस, ना औषध. गाळणे, हातपंप, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणे, एवढ्यावर हा रोग संपला. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त घोषित केले. आज बीडच्या साठीपुढील माणसांना नारू आठवतो, नातवंडांना तो शब्दच ठाऊक नाही.

बांगलादेशातील मतलब भागात जुन्या सुती साडीच्या चार ते आठ पदरी घडीतून पाणी गाळण्याचा मोठा प्रयोग झाला; पटकीचे रुग्ण त्यामुळे ४८ टक्क्यांनी घटले, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. नवे कापड त्यासाठी तितकेसे चालत नाही. धुऊन धुऊन ज्याचे धागे फुलले आहेत, त्या जुन्या साडीची छिद्रे अधिक बारीक होतात, हे घराघरांतील वृद्ध स्त्रियांना प्रयोगाविनाच माहीत असावे. मात्र कापडाची मर्यादाही ओळखली पाहिजे. अमीबा आणि जिआर्डिया यांची कवचे इतकी सूक्ष्म असतात की ती घडीतूनही निसटतात. दुष्काळात टँकरने आलेले, पिंपात चार-चार दिवस साठवलेले पाणी नुसते गाळून भागत नाही. ते उकळावे लागते. व्रतस्थांचे उकळलेले पाणी या हिशेबाने केवळ व्रत उरत नाही.

‘आम्ही शाकाहारी, आम्हांला कसले जंत’ हा अभिमानही तपासून घ्यावा असा आहे. डुकराच्या मांसातून येणाऱ्या फीतकृमीची अंडी तो बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतून पसरतात. ती कोथिंबिरीवर, कच्च्या भाजीवर किंवा स्वयंपाक करणाऱ्याच्या हातावर असतील, तर आयुष्यात मांसाला न शिवलेल्या माणसाच्याही मेंदूत त्यांच्या गाठी होतात आणि एके दिवशी झटका येतो. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधील, डुकराचे मांस धर्माने वर्ज्य मानणाऱ्या सनातनी ज्यू समाजातील चौघांना हा रोग झाल्याचे प्रसिद्ध झाले. संशय घरकामास असलेल्या व्यक्तींकडून आलेल्या संसर्गाचा होता. ज्याला पूर्वी झटके आले आहेत, त्याने म्हणूनच मनाने जंताची गोळी घेऊ नये. मेंदूत गाठी असतील तर औषधानेच झटका उसळू शकतो. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतही ती टाळतात.

शंका आलीच, तर पहिली पायरी वावडिंगही नव्हे आणि गोळीही नव्हे, ती शौचतपासणीची. एकदा नव्हे, वेगवेगळ्या तीन दिवसांची, कारण अंडी रोज पडत नाहीत. रात्री मुलाच्या गुदद्वाराशी खाज सुटत असेल, तर सुतासारख्या कृमीची शक्यता असते. त्याची अंडी शौचात क्वचितच सापडतात. सकाळी आंघोळीपूर्वी चिकटपट्टी लावून ती काचपट्टीवर तपासतात, औषध साऱ्या घराला एकदम देतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा देतात. तीनही तपासण्या स्वच्छ आल्या आणि पोट तरीही कुरकुरत असेल, तर जंतांचा हट्ट सोडावा. दूध न पचणे, चिंतेने आतडी आखडणे, जठरातील जिवाणू, थायरॉइड अशी साधी कारणे पुष्कळ असतात. शौचातून रक्त, आपोआप घटणारे वजन, संध्याकाळचा ताप, किंवा चाळिशीनंतर प्रथमच बदललेली शौचाची सवय यांपैकी काही असेल, तर आतड्याचा क्षय वा कर्करोग आधी नाकारावा लागतो. काढ्याचे खरे मोल येथे मोजले जाते : तो किती कडू होता यावर नव्हे, तर त्याच्या भरवशावर किती महिने गेले यावर.

मुलांसाठी सरकारी व्यवस्था आहे. २०१५ पासून १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोल देतात. दोन वर्षांवरील मुलांना ४०० मिलिग्रॅमची एक चघळण्याची गोळी, त्याहून लहानांना अर्धी. बीड जिल्ह्यात मात्र या तारखेची एक अडचण आहे. दसरा-दिवाळीनंतर येथून हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. १० फेब्रुवारीला त्यांची मुले ओल्या सरीत अनवाणी फिरत असतात. शौचालय नसलेल्या कोप्यांभोवतीची तीच जमीन अंकुशकृमीला सर्वांत मानवणारी. शाळेच्या पटावर नाव गावाकडे, मूल फडावर. गोळी देणाऱ्या बाईंच्या यादीत ते मूल असते आणि हजेरीत नसते. पाडव्याच्या सुमारास ही कुटुंबे परततात, गावच्या दुकानात उधारी फेडायला येतात, आईच्या पदराला धरून ते मूल दारात उभे राहते. आणि गोळी राहून गेली आहे हे त्याला विचारणारे कोणी असलेच, तर बहुधा त्या दुकानातलेच असते.