जाते, अवजारे आणि स्मृती : बहिणाबाईंच्या घराचे संग्रहालय

संग्रहालय म्हटले की राजांच्या तलवारी, नाणी आणि ताम्रपट डोळ्यांसमोर येतात. ज्यांच्या श्रमांवर ती राज्ये उभी राहिली, त्यांच्या घरातील वस्तू जतन करण्याजोग्या आहेत, असे आपल्या समाजाला फार काळ वाटलेच नाही. म्हणून जुन्या जळगावातील चौधरी वाड्यातील बहिणाबाईंच्या स्मृतिसंग्रहालयाचा विचार येथे करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बहिणाबाईंचा जन्म जळगावलगतच्या असोदे गावी महाजनांच्या शेतकरी घरात २४ ऑगस्ट १८८० रोजी झाला. तेराव्या वर्षी विवाह होऊन त्या जळगावच्या चौधरी कुटुंबात आल्या. तिशीतच त्यांना वैधव्य आले. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना आणि घरात दळताना त्यांना गाणी सुचत व ती त्या लेवा गणबोलीत म्हणत. पुत्र सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही गाणी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ साली ती गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जी टिपली गेली नाहीत, ती मात्र कायमची हरपली.

बहिणाबाईंचे राहते घर आता संग्रहालय झाले आहे. त्यांच्या नावाच्या विश्वस्त संस्थेने त्यासाठी पुढाकार घेतला. शेतीची अवजारे, स्वयंपाकघरातील वस्तू, पूजेचे साहित्य असा त्यांच्या वापरातील ऐवज तेथे राखला आहे. यांतील एकही वस्तू बाजारभावाने मौल्यवान नाही. तिचे मोल वापरणाऱ्या हातांमुळे आहे.

ही दृष्टी बौद्ध परंपरेला अपरिचित नाही. कालिंगबोधि जातकात चैत्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : शारीरिक, पारिभोगिक व उद्देशिक. शारीरिक म्हणजे अस्थिधातू; पारिभोगिक म्हणजे उपयोगात आलेली वस्तू, जसे बोधिवृक्ष; आणि उद्देशिक म्हणजे स्मरणार्थ केलेली प्रतिमा. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जतन केल्या आहेत, त्या या दुसऱ्या प्रकारात मोडतात. बहिणाबाई बौद्ध नव्हत्या, आणि त्यांच्या जात्यास कोणी चैत्य म्हणावे असा आमचा आग्रह नाही. वापरलेली वस्तू माणसाच्या जीवनाची साक्ष देते, एवढेच तत्त्व येथे घ्यावयाचे आहे. त्या साक्षीचे पूजेत रूपांतर झाले, तर तिचा उपयोग संपतो.

मौखिक परंपरेचेही तसेच आहे. बुद्धवचन कित्येक पिढ्या भिक्षूंच्या मुखी राहिले. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिंहलद्वीपात ते ग्रंथबद्ध झाले. तोवर ते टिकले, कारण सामूहिक पठणाची शिस्त त्यामागे होती. जात्यावरच्या ओवीमागे असा संघ नसतो. गिरणी आली, जाते थांबले आणि त्याबरोबर ओवी म्हणण्याचे निमित्तही संपले. हेमा राईरकर व गी पॉतवाँ यांनी खेडोपाडी जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवर आमच्या माताभगिनींनी रचलेल्या ओव्याही आहेत. हा संग्रह झाला नसता, तर त्या स्त्रियांनी बाबासाहेबांना कसे पाहिले, हे पुढील पिढीला कोणत्या कागदावरून कळले असते?

जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीचे नाव विद्यापीठास मिळावे, ही गोष्ट मोठी आहे. परंतु तिच्या मुळाशी दोघा तरुणांनी वेळीच हाती घेतलेली लेखणी आहे, हे विसरता येत नाही.

यातून आपल्या विहारांनी घ्यावयाचा धडा सोपा आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेस उपस्थित राहिलेली पिढी आता विरळ झाली आहे. त्यांच्या घरी त्या काळची छायाचित्रे, पत्रे, पावत्या, जाती, ढोलक्या असतील. विहारातील एक कपाट आणि एक नोंदवही एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. प्रत्येक वस्तूपुढे ती कोणाची, कोठली, कशासाठी वापरली आणि कोणी दिली, हे लिहावे; नोंदीविना वस्तू मुकी होते. गाणे असेल तर ध्वनिमुद्रित करावे आणि बोली न बदलता, जसे म्हटले तसे उतरवावे. अहिराणीतील वा लेवा बोलीतील शब्द ‘शुद्ध’ करणे म्हणजे म्हणणारीचा आवाज पुसणे होय.

आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहिला नाही, ही आपली तक्रार रास्त आहे. परंतु आपल्या घरच्या माळ्यावरील वस्तू जपणे हे काम आपलेच आहे.