परक्या अवयवाविषयी शरीराची सहिष्णुता

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर व जळगाव जामोद हे तालुके पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात येतात. मूत्रपिंडविकाराच्या तक्रारी तेथे दीर्घकाळ ऐकू येत आहेत. अशा रुग्णास दात्याचे मूत्रपिंड लाभले तरी त्याची चिंता संपत नाही. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून प्रतिरक्षा दडपणारी औषधे त्याला सामान्यतः आजन्म घ्यावी लागतात; तपासणीसाठी नागपूर वा छत्रपती संभाजीनगर यांसारखे दूरचे शहर गाठावे लागते. शिवाय या औषधांमुळे रोगजंतूंचा प्रतिकारही दुबळा होतो. तेव्हा केवळ त्या एका अवयवापुरती सहिष्णुता शरीराला शिकविता येईल काय, हा खरा प्रश्न होय.

त्याच्या उत्तराचा पहिला धागा गुरांत सापडला. गाईच्या भिन्नबीज जुळ्यांच्या रक्तवाहिन्या गर्भावस्थेत जोडल्या गेल्यास एकाच्या रक्तपेशी दुसऱ्यात पुढेही टिकून राहतात, असे रे ओवेन यांनी १९४५ मध्ये दाखविले. १९५३ मध्ये बिलिंगहॅम, ब्रेंट व मेडावर यांनी उंदरांच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या पेशी टोचल्या. पुढे त्यांतील काही उंदरांनी त्याच वाणाची त्वचा स्वीकारली. मेडावर यांना बर्नेट यांच्यासह १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रौढ माणसाची प्रतिरक्षा मात्र आधीच घडलेली असते. म्हणून बोस्टन येथील वैद्यांनी ती प्रथम तात्पुरती क्षीण करून, एकाच दात्याचे मूत्रपिंड व अस्थिमज्जा यांचे एकत्र रोपण केले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार पाचपैकी चार रुग्णांची औषधे पूर्णतः थांबविता आली. एकाचे मूत्रपिंड मात्र गमावले. विशेष हे की, दात्याच्या रक्तपेशी अल्पकाळच टिकल्या होत्या. आपल्याकडे अहमदाबादेत डॉ. एच. एल. त्रिवेदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दात्याच्या मूलपेशी देऊन औषधांची मात्रा घटविण्याचे प्रयत्न केले.

दुसरा मार्ग नियामक टी-पेशींचा. प्रतिरक्षेला आवर घालणाऱ्या या पेशी साकागुची यांनी १९९५ मध्ये ओळखल्या. २०२५ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा आहे. रुग्णाच्याच अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्याला परत देण्याच्या चाचण्या झाल्या आहेत.

तथापि पहिल्या मार्गातील पूर्वोपचार कष्टप्रद असतात, तर दुसऱ्यासाठी सुसज्ज प्रयोगशाळा लागते. सहिष्णुता खात्रीने ओळखणारी कसोटीही अद्याप हाती नाही. म्हणून रुग्णाने आपल्या मताने औषध सोडणे घातक ठरेल. अवयव जगविणे शस्त्रक्रियेने साधले. तो शरीराला आपला वाटावा, हे कार्य अद्याप शिल्लक आहे. ते साधेल तेव्हा त्याचा लाभ दूरच्या खेड्यातील रुग्णाला सर्वांत अधिक होईल.