रोप लावायचंय? जरा थांबा!

मुलांनो, ५ जून हा जागतिक पर्यावरण दिन. १९७३ पासून तो साजरा होतो. त्या दिवशी एखादं तरी रोप लावावं असं पुष्कळांना वाटतं. पण तेव्हा महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी पावसाचा पत्ताच नसतो! मृग नक्षत्र लागतं तेच मुळी ७-८ जूनला. तापलेल्या जमिनीत लावलेलं रोप दोन दिवसांत मान टाकतं आणि आपण म्हणतो, "रोपच खराब होतं."

रोपाचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो. प्रश्न असतो जमाखर्चाचा. पानांवर डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, ती पर्णरंध्रं. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जात असते. हा झाला खर्च. जमा करायची मुळांनी. त्यातही टोकाजवळच्या, केसांसारख्या मूलरोमांनी. रोप उपटताना नेमके हे नाजूक मूलरोमच तुटतात. म्हणजे कमाई बंद आणि खर्च चालू! पावसाळ्यात आभाळ भरलेलं, हवा दमट, त्यामुळे पानांचा खर्च कमी होतो. ओल्या मातीत नवी मुळंही लवकर फुटतात.

मग पहिल्या सरीलाच लावू या का? छे! वरची माती भिजते, खालची गरमच असते. त्यात पावसाने ओढ दिली की रोप गेलंच समजा. दोन-तीन चांगले पाऊस होऊ द्या. मग खुरप्याने वीतभर खणून बघा. तळाची माती ओली आहे, पण चिखल नाही, असं दिसलं की वेळ झाली. शेतकरी याला वाफसा म्हणतात. तेव्हाचे केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला, तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात, ते उगीच नाही.

कोकणात मात्र जुलैत पाऊस धो धो कोसळतो. खड्ड्यात पाणी साचलं तर मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. तिथे पाणी निघून जाईल अशी उंचवट्याची जागा शोधावी.

शाळेत ५ जूनलाच कार्यक्रम ठरला असेल तर? त्या दिवशी खड्डे तयार करा. खणलेल्या मातीत शेणखत मिसळून ठेवा. शिवाय तेव्हा बाजारात जांभळं असतात. खाऊन झाली की बिया लगेच पिशवीत लावा. जांभळाची बी फार दिवस टिकत नाही.

रोप शक्यतो संध्याकाळी लावावं. प्लॅस्टिकची पिशवी ब्लेडने कापून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. (पिशवीसकट रोप पुरणारे महाभागही असतात बरं का!)

आता पालकांनो, थोडं तुमच्यासाठी. जुलैत लावलेल्या रोपाला मुळं पसरायला तीन-चार महिने मिळतात, तरी त्याचा पहिला उन्हाळा कठीणच. मे महिन्यात शाळेला सुट्टी, मुलं मामाच्या गावी. तेव्हा पाण्याची पाळी कुणाची, हे रोप लावतानाच ठरवा. रोपाशेजारी एक मडकं गळ्यापर्यंत पुरा, तळाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घाला. मडकं भरलं की पाणी हळूहळू झिरपत राहतं, रोज धावपळ करावी लागत नाही.